किल्लेदाराच्या वाट्याचं एक वाक्य

नव्वदच्या दशकात सातपूरच्या आमच्या कॉलनीत गणपतीला जिवंत देखावा असे. कॉलनीतलीच माणसं इतिहासातली माणसं होऊन मांडवात ओळीनं उभी राहत. ज्याच्यावर दिवा पडे त्याचं चरित्र कॅसेटवर वाजे, मग दिवा पुढच्यावर जाई. मंडळाचा जमाखर्च मी बघत असे, म्हणून चरित्रं लिहायचं कामही माझ्याकडेच आलं.

त्या वर्षी एक राजा, एक राणी, एक संत आणि शेवटी एक फितूर किल्लेदार होता. मी प्रत्येकाला आठ वाक्यं दिली. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. किल्लेदाराच्या आठांत गडावरचं संपलेलं धान्य होतं, खाली शत्रूच्या हाती सापडलेली बायको आणि दोन मुलं होती, आणि दरवाजा उघडल्यावर शत्रूनं त्यालाही मारलं हे होतं.

अध्यक्षांनी वाचलं आणि पेन काढलं. "हिशेबनीस, फितुरासाठी लोकांना रडवायचंय का?"

एक वाक्य उरलं. 'याच हातांनी त्यानं गडाचा दरवाजा उघडला.'

किल्लेदार झाले माझे शेजारी. मूळचे चांदवडचे, इथे कारखान्यात फिटर. मिशा भरघोस होत्या आणि नाही म्हणायची सवय नव्हती. थर्माकोलच्या दरवाजाच्या कडीवर हात ठेवून ते उभे राहत. पहिल्या दिवशी मुलं 'शेम शेम' ओरडली, तेव्हा घरी येऊन ते खूप हसले. पाचव्या दिवशी कोणीतरी चप्पल मारली. शेवटच्या दिवशी ते प्रसाद वाटायला उभे राहिले, तर लहान मुलं त्यांच्यासमोरून सरकून शेजारच्या रांगेत गेली. त्यांच्या पोरीनं ते पाहिलं.

"मुलंच ती," मी म्हणालो.

"हो, मुलंच," ते म्हणाले. त्या दिवशी ते हसले नाहीत.

दिवाळीच्या आधी एका दुपारी कॉलनीचं फाटक उघडं राहिलं आणि दोन स्कूटर चोरीला गेल्या. सेकंड शिफ्टला जाताना शेवटचे बाहेर पडले होते माझे शेजारी.

"काय किल्लेदार, दरवाजा लावला होता ना?" पहिल्यांदा हे थट्टेत झालं. दुसऱ्यांदा विचारणारा हसत नव्हता. पोलीस त्यांचं घर विचारत आले तेव्हा कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं सांगितलं, "ते काय, किल्लेदाराचं घर." त्यांचं खरं आडनाव त्याला ठाऊकच नव्हतं.

फाटकाची कडी पावसाळ्यापासून सैल होती. धक्का लागला की आपोआप निघायची. हे मी कॉलनीच्या सभेत सांगितलं, चला, दाखवतो म्हणालो. कोणी उठलं नाही.

"तुम्हाला त्यांचा फार पुळका," मागून आवाज आला.

पोलिसांना काहीच सापडलं नाही, तरी नवीन वर्ष लागल्यावर शेजाऱ्यांनी बिऱ्हाड चांदवडला हलवलं आणि रोजचा एसटीचा प्रवास पत्करला. सामान चढवताना ते मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही आठ वाक्यं लिहिली होती ना? मला एकदा वाचायची होती."

पुढच्या गणपतीला तोच देखावा ठरला, कारण पोशाख तयार होते. राजा व्हायला चौघे पुढे आले. किल्लेदार व्हायला कोणी तयार होईना. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"पुळका होता ना, मग तुम्हीच व्हा," अध्यक्ष म्हणाले.

घरी बायकोनं स्पष्ट सांगितलं, "अहो, आपल्यालाही याच कॉलनीत राहायचंय. पोराची दहावी आहे." पण मला वाटलं, निदान हिशेब तरी पुरा होईल. मी अट घातली की आठही वाक्यं वाजली पाहिजेत. अध्यक्षांनी सगळ्यांदेखत मान हलवली.

पहिल्या संध्याकाळी अंगरखा चढवला. त्याला अजून शेजाऱ्यांच्या तेलाचा वास होता. राजा झाला, राणी झाली, संत झाला. माझ्यावर दिवा पडला. मी कडीवर हात ठेवला आणि कान दिला.

'याच हातांनी त्यानं गडाचा दरवाजा उघडला.'

पुढे कॅसेटची नुसती खरखर. मग ओरडा सुरू झाला. गर्दीत माझा मुलगा मित्रांबरोबर उभा होता. मित्र ओरडत होते. तो खाली बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालो आणि फाटकाशी आलो. कडी तशीच सैल होती. बाहेर पडून फाटक ओढून घ्यायचं, एवढंच काम. पण आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि कॉलनीतून शेवटचा बाहेर पडलेला माणूस मी ठरलो असतो. मी डबा या हातातून त्या हातात घेत आतच उभा राहिलो. मागून कोणी येईल, तो बाहेर पडून लावील.

शेवटी अध्यक्षच आले, स्कूटर ढकलत.

"काय किल्लेदार," ते म्हणाले, "कोणाची वाट बघताय?"