दोन मिलिमीटर की चार?

डेंटल कॉलेजात काम करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. लोक तोंड उघडूनच समोर बसतात! आमच्या इंदूरच्या कॉलेजात तर कपाटात एक्स-रे कमी आणि किस्से जास्त साठलेत. दाताभोवतीचं हाड किती झिजलंय ते एक्स-रेवर बघायचं आणि दात ठेवायचा की काढायचा ते ठरवायचं, हे आमचं काम. आम्ही म्हणजे मी, डॉ. शुक्ला आणि आमचे हेड, दिघे सर.

*

परदेशीपुऱ्याचा एक कपडेवाला आला. एक्स-रे बघून मी म्हटलं, "चार मिलिमीटर हाड गेलंय." शुक्लाजींनी तोच बघितला. "दो से ज्यादा नहीं!"

कपडेवाला म्हणाला, "भिया, न आपका, न मैडम का. तीन में फाइनल करो!"

*

एकाने मोबाइलवर एक्स-रेचा फोटो दाखवला. शुक्लाजी गंभीर. "हड्डी में गहरा गड्ढा है. ऑपरेशन लगेगा."

नीट बघावं म्हणून मी बोटाने फोटो सरकवला. दाढ सरकली, खड्डा जागच्या जागी!

पेशंट ओशाळला. "मोबाइल कल ही गिरा था."

*

मीही काही कमी नाही. सरांनी मला वीस एक्स-रे नावं झाकून वाचायला दिले. पंधरा दिवसांनी तेच, क्रम बदलून. मग माझ्या आकड्यांचे दोन्ही कागद शेजारी ठेवून सरांनी पाच ठिकाणी गोल केले.

"अभिनंदन! पंधरा दिवसांत पाच जणांना नवीन हाड आलंय. औषध कोणतं दिलंस?"

*

अन्नपूर्णा भागातल्या एक रिटायर्ड शिक्षिका. मी म्हटलं दात काढा, शुक्लाजी म्हणाले राहू द्या. बाई म्हणाल्या, "पेपर तपासताना दोघांत एवढा फरक आला की आम्ही तिसरा एक्झामिनर बोलवायचो. बोलवा!"

दिघे सर आले. "सहा महिने थांबून बघू."

बाईंनी पर्स उचलली. "म्हणजे कॉपी कोणीच केली नाही. छान!"

*

गेल्या उन्हाळ्यात सरांचाच एक दात हलायला लागला. सकाळी मी एक्स-रे काढला. दुपारी सरांच्या लेक्चरला तो चुकून बाकीच्या एक्स-रेंबरोबर स्क्रीनवर आला, बिननावाचा.

सर विद्यार्थ्यांना म्हणाले, "हाड उरलंय कुठे? विचार कसला करताय? काढून टाका!"

मी हळूच म्हटलं, "सर, हा तुमचा आहे."

सर स्क्रीनजवळ गेले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अँगल चुकलाय. दुसरा काढा."

मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "दुसरा दात, सर?"

गालावर हात ठेवून सर ओरडले, "एक्स-रे!"