बाबांची बाराची रेघ

देवळीकरांनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

बाबांना घड्याळाचे काटे दिसत नाहीत. नोव्हेंबरात मी बरोबर बारा वाजता अंगणातल्या खांबाच्या सावलीवर चुन्याची रेघ मारून दिली. सावली रेघेवर आली की बाबा जेवायला येतात.

पण महिनाभरापासून उशिरा यायला लागले. मी चिडायचो. विसरभोळेपणा वाढला म्हणून आज त्यांना वर्ध्याला डॉक्टरकडे न्यायचं होतं. बाराला तयार राहा, असं बजावलं होतं. दुकानातून धावत आलो, तर बाबा बनियनवरच अंगणात!

"बाबा, बस गेली ना! काऊन उठले नाई?"

"सावली कुठी आली रेघेवर? तूच पाह्य."

खरंच नव्हती आली. साडेबाराला आली. ओळंबा लावून पाहिला, खांब सरळ.

मग मोबाईलवर वाचलं. पृथ्वी कललेली, तिचा वेगही वर्षभर सारखा नाही. म्हणून सूर्य घड्याळाच्या मागेपुढे होतो. आपल्याकडे नोव्हेंबरात दोघं जुळतात, आत्ता फेब्रुवारीत अर्धा तास फरक.

म्हणजे बाबा रोज वेळेवरच येत होते. रेघ माझी होती.

आत्ताच म्हणाले, "उद्या बस नाई चुकवत मी. पण डॉक्टरले काय सांगू रे, मले काय होऊन राह्यलं ते?"

तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ?