मोरांचं पाणी

आबिड्सच्या बाजारातल्या कापडदुकानातून निवृत्त झाल्यावर भगवंतराव मोरांच्या नादी लागले, असं त्यांची बायको चारुलता येईल त्याला सांगायची. खोटं नव्हतं. शहराबाहेरच्या झुडपी रानात ते सकाळी फिरायला जात. एका वैशाखात तिथलं खडकातलं डबकं आटलेलं दिसलं, म्हणून तिथल्या मोरांसाठी त्यांनी घरचं जुनं घमेलं नेऊन पाण्याने भरून ठेवलं. चार दिवसांचं पुण्य, एवढाच विचार.

पण रानाची घडीच विस्कटली. पूर्वी डबक्यात होळीपर्यंत तरी पाणी असायचं. आता पाऊस एका दणक्यात कोसळतो, खडकावरून वाहून जातो आणि संक्रांतीलाच तळ दिसतो. पळस वेळेआधी फुलतो, चारोळीचा मोहोर उन्हाने करपतो, खैर शेंड्याकडून वाळत येतात. चार दिवसांचं पुण्य अर्ध्या वर्षाचं झालं. मलकपेठेतल्या घरून स्कूटरवर पाण्याचे कॅन न्यायचे, पुढे दगडधोंड्यांतून हातात धरून चालायचं. भगवंतराव थकले, अगदी आतून थकले.

"नक्को आता ते," चारुलता म्हणाली. "गुडघे तुमचे आहेत, मोरांचे नाहीत."

"हौ. बास झालं," ते म्हणाले. रानातली पाखरं, पाणी असेल तिकडे जातील.

त्यानंतर ते गेलेच नाहीत. पण जेवताना घास उतरेना. शेवटी, मोर निघून गेलेले बघितले की जीव भांड्यात पडेल, असं म्हणून एका सकाळी ते कॅन न घेता नुसतेच निघाले.

स्कूटरचा आवाज ऐकताच झुडपांतून मोर, लांडोरी बाहेर आल्या आणि कोरड्या घमेल्याभोवती उभ्या राहिल्या. नेहमीपेक्षा कमी होत्या. पूर्वी डबकं आटलं की हे सगळे रानापलीकडच्या तळ्याकडे सरकायचे. घमेलं आलं आणि मोरांनी तिकडे जायचं सोडलं. आता तळ्याच्या वाटेवर प्लॉटांची भिंत होती. हा लळा आपणच लावला, हे कळलं तेव्हा भगवंतरावांना रडू आवरेना. त्यांनी आपली प्यायची बाटली घमेल्यात रिकामी केली. जेमतेम तळ ओला झाला. ते बाजूला व्हायच्या आतच एका लांडोरीने चोच घातली.

घरी येऊन त्यांनी नळाखाली कॅन लावला.

"बास म्हणाला होतात ना?" चारुलताने विचारलं.

"तुला म्हणालो होतो. त्यांना कोण सांगायला गेलं होतं?"

आणि गुडघा चोळत ते कॅन भरायची वाट पाहत बसले.