काकी, मी खंय आसंय?

संदेश मला बावळट म्हणाला होता. तोंडावर. भर शोरूममध्ये, सेल्समनच्या देखत.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. त्या शब्दाबद्दल थँक्यू म्हणायचं राहून गेलं, म्हणून ही पोस्ट.

संदेश माझा शाळेपासूनचा मित्र. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात कम्प्युटर दुरुस्त करायचा. मूळचा मालवणकडचा. जिभेला हाड नाही.

तीन वर्षांपूर्वी आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरात वॉकर आला आणि नोव्हेंबरात डॉक्टरांनी सांगून टाकलं, गर्दीत जायचं नाही.

म्हणजे सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जायचं नाही.

हे आईला कुणी सांगायचं, यावर आम्ही दोन दिवस काढले. तीस वर्षं आई आणि माझी शांतामावशी तिथे मंडळाच्या स्टॉलवर जेवण वाढायच्या. आई भात, मावशी वरण. मावशी गोवंडीला, आम्ही चारकोपला. दोघी वर्षभर फोनवर भांडतात आणि त्या दिवशी खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात.

आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "घरून दिसंल का गं? शांता दिसली पायजे."

मंडळ स्टॉलवरून लाइव्ह करतं. आदल्या वर्षीचं मी तिला फोनवर लावून दिलं.

"हे काय, समदे पांढरे ठिपके. यात शांता कोणती?"

आमचा टीव्ही मोठा, पडदा झकास, पण इंटरनेटशी त्याचा काही संबंध नाही. त्याला जोडायला कम्प्युटर हवा होता. मी शोरूम गाठलं आणि लाल-निळे दिवे मारणारा, चार पंख्यांचा भलामोठा डबा पसंत केला. संदेशला फक्त उचलायला बोलावलं होतं.

"कोण बघणार यावर?"

"आई."

"कुठे बसून?"

"घरात."

"घरात कुठे? टीव्हीपासून किती लांब? राउटर कुठेय तुमचा?"

मी नुसतं डब्यावरच्या दिव्यांकडे बोट दाखवलं.

"बावळट आहेस सुजे. काकींना गेम खेळायचेत का? चल घरी."

घरी आला तो थेट आईच्या पलंगावर जाऊन बसला. आईचीच उशी पाठीला घेऊन, मांडी घालून, अर्धा तास बंद टीव्हीकडे बघत.

आई मला आत बोलावून म्हणाली, "याला बरं वाटत नाही का?"

पण त्याची पद्धतच ती होती. ज्याला बघायचंय, त्याच्या जागेवर आधी स्वतः बसायचं.

तिथे बसूनच त्याने सगळं ठरवलं. आईला कमी ऐकू येतं, त्यात पंख्याची घरघर नको, म्हणून बिनपंख्याचा छोटा डबा. स्वयंपाकघराच्या भिंतीआड वायफाय मरतं, म्हणून राउटरपासून वायर. माउस-कीबोर्डची भानगड नको, एक बटण दाबलं की लाइव्ह.

दोन डिसेंबरला त्याने डबा जोडला आणि खाली गेटवर गेला. तिथे संध्याकाळी भाजीच्या गाड्या लागतात. कंपाउंडवर फोन उभा करून त्याने लाइव्ह सुरू केलं आणि गर्दीत शिरला. जाता जाता ओरडला,

"काकी, मी खंय आसंय?"

म्हणजे, मी कुठे आहे ते शोधा.

पडद्यावर भाजीवाला थिजला. गर्दी थिजली. मग सगळे एकदम उड्या मारत पुढे गेले. पुन्हा थिजले.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."

आई तेव्हा त्र्याहत्तरची. पुढच्या वर्षी म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

संदेश वर आल्या आल्या मी त्याच्यावर तुटून पडले. "चार दिवस राहिलेत! तुझ्या भरवशावर बसले आणि वाट लावलीस."

एरवी त्याने मला चार ऐकवले असते. त्या दिवशी नाही.

"चूक माझी. प्रोसेसर जुना आहे, आजचे व्हिडिओ त्याला झेपत नाहीत. गाळ्यावर कामाला चांगला चालत होता, म्हणून इथेही चालेल असं धरून बसलो."

डबा काखेत मारून निघून गेला. चहाही घेतला नाही.

पाच तारखेला नवा घेऊन आला. पोळ्यांच्या डब्यापेक्षा लहान. जोडला, परत खाली गेला, परत तीच आरोळी.

आईने चष्मा पुसला. तीन सेकंद लागले असतील.

"तो बघ. कांद्याच्या गाडीमागं. शर्टाची बटनं एक घर चुकलीत."

मी गॅलरीतून ओरडून त्याला सांगितलं. त्याने शर्टाकडे बघितलं आणि भर बाजारात दोन्ही हात वर करून नाचला.

सहाला आई पांढरी साडी नेसून पलंगावर बसली. मावशी दिसली. अगदी कपाळावरच्या घामासकट.

"शांतानं चष्मा बदलला. मला बोलली नाही." असं म्हणून तिने पदर डोळ्यांना लावला.

मग मावशीला फोन. "वरण पातळ झालंय. दिसतंय मला."

तेव्हापासून आईचा एकही सहा डिसेंबर चुकलेला नाही.

मी संदेशला थँक्यू म्हटलं नाही. मित्राला काय म्हणायचं, असं वाटायचं. ओरडले होते, त्याचं सॉरीही राहिलं. गेल्या वर्षी आजच्या सकाळी त्याने गाळ्याचं शटर उघडलं, खुर्चीत बसला, तो उठलाच नाही. बेचाळीस हे काय जायचं वय आहे का रे?

आज सकाळी आई म्हणाली, "संदेशचं लाव."

त्या टेस्टचं लाइव्ह अजून सेव्ह आहे. पाच तारखेचं.

गेट. गाड्या. गर्दी. आणि त्याची आरोळी, "काकी, मी खंय आसंय?"

आई वॉकर धरून उठली आणि टीव्हीपाशी जाऊन उभी राहिली.

"हाय रे लेकरा, हितंच हाय तू. दिसतोस मला. बटन तेवढं नीट लाव."

संदेश, बावळट म्हणालास, थँक्यू. ओरडले, सॉरी.

आईचा आणि माझा तुला जय भीम, मित्रा.