खंडारे मास्तरांचा फळा

माझ्या लग्नात खंडारे मास्तरांनी आहेराचं पाकीट हातात ठेवलं आणि कानाशी वाकून म्हणाले, "आजच्याच तारखेले टायटॅनिक बुडालं होतं. मायतीसाठी सांगून राहिलो." बायकोनं विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, आशीर्वाद दिला.

अकोल्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवून मास्तर निवृत्त झाले, आणि आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहू लागले. मे महिन्यातही डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून सकाळी सातला हजर. रंगीत खडू, वळणदार अक्षर. लिहून झालं की येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून विचारत, वाचलं का? मी दरवेळी छाती पुढे काढून हो म्हणायचो. खरं तर मी त्या फळ्याखाली स्कूटर लावायचो, एवढंच.

पुढे वाचनालयाच्या अध्यक्षांनी फळा काढून तिथं कोचिंग क्लासचं फ्लेक्स लावायचं ठरवलं. फळा वाचतं कोण, असा त्यांचा सवाल. मास्तरांनी त्यांच्याशी गुपचूप पैज लावली, हे मला नंतर कळलं. "सव्वीस जानेवारीले मी मुद्दाम चुकीचं लिहितो. एकानं जरी टोकलं तं फळा राहीन. नाई तं माह्या हातानं काढतो."

त्या सकाळी फळ्यावर तिरंगी खडूंनी लिहिलं होतं, 'आजच्याच दिवशी इंग्रज गेले आणि भारत स्वतंत्र झाला.' झेंडावंदन झालं. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात फळ्याकडे हात करून ते वाक्य खड्या आवाजात वाचलं. टाळ्या पडल्या. लोकांनी फळ्यासमोर फोटो काढले, जिलेबी खाल्ली. मास्तर बाजूला उभे. कुणी जवळ आलं की ताठ व्हायचे. तो अक्षराची तारीफ करून पुढे जायचा.

सगळे पांगल्यावर मी गेलो. म्हटलं, सर, आज तर कमालच केली तुम्ही.

"वाचलं?"

"अख्खं वाचलं, सर."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग पिशवीतून स्क्रू काढायचा पेचकस काढला. "बाकीच्यायची मले आशाच नवती, भाऊ. टाळ्या वाजल्या तवा मी तुमच्याकडंच पाहून राहिलो होतो. तुमी बी वाजवल्या."

मला काहीच उमगेना. त्यांनी वरचे दोन स्क्रू सैल केले. "जरा खालून धरा. मले एकट्याले जड जाते."

मी दोन्ही हातांनी धरला. फळा सुटून नाकासमोर आला, आणि ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं.