रुमालाखालचा चेहरा

ती केस आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. तेव्हा मी नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. भरदुपारी बसस्थानकाबाहेर मोटारसायकलवरच्या एकाने एका म्हातारीच्या गळ्यातली बोरमाळ हिसकावली. ती किनवटकडून लेकीच्या घरी आली होती. पडून तिचा हात मोडला, गावात आरडाओरडा झाला आणि मला वरिष्ठांचे फोन सुरू झाले.

चोराला समोरून पाहिलेली एकटी तीच. रेखाचित्रासाठी आम्ही गावातल्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांना बोलावलं. ते तरुणपणी भुताखेतांच्या चित्रकथांच्या मासिकांसाठी चित्रं काढत, एवढं ऐकून होतो.

"तोंडाला रुमाल व्हता की बाबा, डोळे तेवढे दिसले," म्हातारी म्हणाली. गुरुजींनी डोळे आणि रुमाल चितारून पेन्सिल खाली ठेवली.

मला ते पटेना. रुमालाचं चित्र गावभर फिरवून काय हाती लागणार?

"गुरुजी, रुमालाखालचं तोंडही काढा."

"ते कुठून आणू, साहेब?"

"अंदाजाने काढा. तुमचा हात बसलेला आहे."

दहा मिनिटांत चेहरा तयार झाला. बसलेली गालफडं, बाकदार नाक, एक भुवई वर चढलेली. पाहताक्षणी वाटलं, याला मी कुठंतरी पाहिलंय. हवालदारांना तसं सांगितलंही, आणि वर ऐटीत म्हणालो, पोलिसाची नजर आहे ही!

चित्र सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. तिसऱ्या दिवशी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, तुमचं चित्र रिक्षा चालवून राहिलंय. शाळेची पोरं नेतंय."

खरोखर तोच चेहरा. सकाळी मुलं सोडली की शाळा सुटेपर्यंत हा लिंबाखाली रिक्षात झोपायचा, त्यामुळे दुपारचा त्याचा साक्षीदार कोणी नव्हता. दोन दिवस त्याला ठाण्यात बोलावून तेच तेच प्रश्न विचारले. अंगाला हात लावला नाही, पण आवाज चढवला. त्याचं उत्तर एकच, "म्या न्हाई, साहेब." दुसऱ्या दिवशी मात्र तो रडायलाच लागला.

"नऊ पोरं हायत माझ्या रिक्षात. आज एकबी आलं न्हाई. आया मला बघून दार लावून राहिल्यात. दुसरं तोंड कुठून आणू, साहेब?"

गुरुजींनीही मला असंच विचारलं होतं. मला चैन पडेना. तसाच त्यांच्या घरी गेलो. साहेब घरी आले म्हणून ते हरखले. लोखंडी पेटी उघडून आपल्या जुन्या मासिकांचे अंक दाखवू लागले. तिसऱ्याच अंकाच्या मुखपृष्ठावर चितेच्या उजेडात कवटी घेऊन एक मांत्रिक उभा होता. बसलेली गालफडं, बाकदार नाक, एक भुवई वर. सातवीत असताना मी हाच अंक दप्तरात लपवून वाचला होता. माझी पोलिसाची नजर ती एवढीच.

गुरुजींनी चष्मा काढला. "दर महिन्याला एक दुष्ट माणूस लागायचा, साहेब. संपादकांना हाच आवडायचा. हात त्याच वळणावर गेला." त्यांनी अंक पालथा ठेवला. माझी तर मान वर होईना, कारण काढायला मीच लावलं होतं.

रिक्षावाल्याला लगेच घरी पाठवलं. म्हातारीचा जबाब पुन्हा घेतला. या वेळी तिने काय पाहिलं, एवढंच विचारलं. "गाडीच्या आरशाला लाल फडकं बांधलं व्हतं," ती म्हणाली. हे तिला आधी कोणी विचारलंच नव्हतं. पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात ते फडकं सापडलं, मग चोर आणि माळही. चोर गोरागोमटा, गोल चेहऱ्याचा, गालाला खळी. दारात आला असता तर मीच त्याला चहा विचारला असता.

मग वर्दी घालून मी त्या रिक्षात बसलो आणि नऊही घरांच्या पायऱ्या चढलो. पाच मुलं परत आली. चार आली नाहीत.

साक्षीदार जिथे थांबतो तिथे पोलिसाने थांबावं, हे मी त्या केसमध्ये शिकलो. एखाद्याकडे बघून फार पटकन खात्री पटली, तर आधी स्वतःची चौकशी करावी.

आता लातूरला असतो. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तेच चित्र आलं. खाली लिहिलं होतं, "सावधान, मुलं पळवणारा." मी लगेच लिहिलं, हा माणूस निर्दोष आहे, तपास अधिकारी मीच होतो, चूक माझी होती. तासाभराने शेजारच्या बाईंचं उत्तर आलं.

"पण काका, दिसतो तर तसाच ना!"