चौघांची आमटी

मुलगा आणि सून परगावी राहायला गेल्यावरची ही पहिली आमटी. बायको डाळीच्या डब्यापाशी पुटपुटत होती, "चौघांना एक वाटी, म्हणजे दोघांना अर्धी." चिंच, गूळ, गोडा मसाला, अगदी फोडणीचं तेलसुद्धा तिने निम्मं घेतलं. मीठ मात्र ती कधीच मोजत नाही. बोटांत येईल तेवढं घालते.

पहिल्या घासालाच मी थांबलो.

"खारट झालीय का हो?"

"जरा."

वजाबाकी डोक्याला लगेच कळते, हाताला कळायला वेळ लागतो. तिने आणखी अर्धी वाटी डाळ शिजवली, मीठ सोडून बाकीचंही तेवढंच वाढवलं. आमटीची चव आता अगदी नेहमीसारखी लागत होती. आणि ती चौघांना पुरली असती.